खंजिरीवर उभं राहिलेलं गाणं

तुकडोजी महाराजांची ओळख आपण उलट्या टोकाकडून करून घेतली आहे. आधी आठवते ती ‘राष्ट्रसंत’ ही पदवी, मग ग्रामगीता, मग मोझरीचा गुरुकुंज, आणि शेवटी खंजिरी. त्यांच्या आयुष्यातला क्रम मात्र याच्या उलट होता. आधी हातात खंजिरी आली, मग स्वतः रचलेलं भजन आलं, भजनामागून माणसं आली. आश्रम, संघटना, ग्रंथ आणि पदवी हे सगळं त्या माणसांच्या मागून आलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक खेड्यांत आज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, गुरुदेव सेवा मंडळाची भजनं होतात, ग्रामगीतेचं वाचन होतं. तिथं महाराजांच्या तसबिरीला हार घातला जातो, आणि तो योग्यच आहे. पण त्या हाराआड एक गोष्ट झाकली गेली आहे. हा माणूस विसाव्या शतकातला आपल्या मुलखातला सर्वांत मोठा गीतकार-गायक होता. स्वतः लिहायचं, स्वतः चाल बसवायची, स्वतः वाजवायचं आणि स्वतः गायचं, या कसबावर तो मोठा झाला. संत म्हणून त्यांचा विचार भरपूर झाला. गाण्याचा कारागीर म्हणून तो फार थोडा झाला, आणि तो झाल्याशिवाय त्यांचा उदय नीट समजत नाही.

अमेरिकेत खेड्यापाड्यांतून आलेल्या अशा गाण्याला ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात आणि त्याचा इतिहास लिहिणारी शेकडो पुस्तकं आहेत. त्या इतिहासाची आठवण इथं काढण्याचं कारण केवळ हौस नाही. वऱ्हाड आणि अमेरिकेचा दक्षिण भाग यांना कापसाने फार पूर्वीच एकत्र बांधलं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आला. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला धावलेली शकुंतला ही छोटी गाडी याच कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून गेली. मिसिसिपी आणि अलाबामा ही तिकडची कापसाची राज्यं. तिथूनच जिमी रॉजर्स आणि हँक विल्यम्स हे कंट्री म्युझिकचे दोन आद्य मोठे गायक आले. रॉजर्स रेल्वेत ब्रेकमनचं काम करायचा. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात एका रेकॉर्ड कंपनीने तात्पुरता स्टुडिओ थाटला. तिथं रॉजर्सचा आणि डोंगरातल्या कार्टर कुटुंबाचा आवाज तबकडीवर उतरला. तिकडचे अभ्यासक त्या दिवसांना या संगीताचा जन्मकाळ मानतात. १९२७ मध्ये आपल्याकडचा माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे पुढचे तुकडोजी, अठरा वर्षांचा होता. त्याच्यासाठी कुणी स्टुडिओ थाटला नव्हता, आणि म्हणूनच त्याचा उदय अधिक विचार करण्याजोगा आहे.

माणिकचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. आई मंजुळा, वडील बंडोजी. घरात दारिद्र्य होतं. शाळा तिसरीच्या पुढे गेली नाही. वरखेडला आडकोजी महाराज होते. या मुलाने त्यांना गुरू मानलं आणि त्याचं शिक्षण खऱ्या अर्थाने तिथं सुरू झालं. भाकरीच्या तुकड्यावर राहणाऱ्या या पोराला ‘तुकड्या’ हे नाव गुरूंनीच दिलं, असं परंपरा सांगते. हेच नाव पुढे त्याच्या गाण्याची सही झालं. नंतरची वर्षं रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत भटकण्यात गेली. चरित्रकार या काळाला तपश्चर्येचा काळ म्हणतात. तो तसा असेलही. पण गाण्याच्या बाजूने पाहिलं तर हा एका गायकाच्या कानावर संस्कार होण्याचा काळ होता. गोंड वस्त्या, जत्रा, फकिरांची गाणी, वारकऱ्यांचे अभंग, हिंदी मुलखातून आलेल्या साधूंची पदं हे सगळं या पट्ट्यात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होतं. औपचारिक शिक्षण तिसरीपर्यंतचं, पण त्यांच्या हिंदी आणि मराठी रचनांतली वृत्तांची आणि प्रासाची जाण पाहिली, तर हा माणूस अशिक्षित होता असं म्हणवत नाही. तो कानाने शिकलेला होता. हँक विल्यम्सही असाच शिकला. रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या रूफस पेन नावाच्या कृष्णवर्णीय वादकाकडून त्याने धडे घेतले, आणि शाळेतल्यापेक्षा ते धडेच त्याला आयुष्यभर पुरले.

कसबाकडे पाहायचं तर सुरुवात वाद्यापासून करावी लागते. खंजिरी म्हणजे लाकडाचं एक कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत खुळखुळणाऱ्या चकत्या. ती एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पेटी वाजवणारा बसतो. खंजिरीवाला उभा राहू शकतो, चालू शकतो, लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून गाऊ शकतो. साथीदार आला नाही तरी कार्यक्रम अडत नाही. ठेका आणि छमछम दोन्ही एकाच वाद्यातून निघतात आणि ते वाद्य खांद्यावरच्या झोळीत मावतं. पायी हिंडणाऱ्या गायकाला याहून सोयीचं दुसरं काय असणार? गिटारने अमेरिकेतल्या एकट्या गायकाला जे स्वातंत्र्य दिलं, तेच खंजिरीने तुकडोजींना दिलं. वाद्याने गाण्याची घडणही ठरवली. खंजिरीच्या ठेक्यावर लांब आलाप टिकत नाहीत. तिथं लागतात आखूड ओळी, ठसठशीत प्रास आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीला उचलता येईल असं ध्रुपद. तुकडोजींची रचना या गरजेला अचूक उतरते. ऐकणारा मंडळी होऊन मागे म्हणू लागला की अर्धं काम झालं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट चालींची. त्यांच्या भजनसंग्रहांत रचनेच्या माथ्यावर ‘तर्ज’ म्हणून चालीचा निर्देश सापडतो, म्हणजे हे भजन अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावं. लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल उचलायची आणि तिच्यात नवे शब्द भरायचे, ही युक्ती साधी दिसते. पण नोटेशन वाचता न येणाऱ्या, पेटीही नसलेल्या गावात नवं गाणं एका रात्रीत रुजवायचं तर याहून खात्रीचा मार्ग नाही. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून फिरून जुनी गाणी गोळा करायचा आणि त्यांना नवं रूप द्यायचा. भीमगीतकार वामनदादा कर्डकांनीही पहिलं गाणं रचलं ते हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. उसनी चाल ही कमतरता मानायची सवय आपल्याला नागर संगीतातून लागली आहे. लोकसंगीतात चाल गावाची असते आणि शब्द आपले असतात. तिसरी गोष्ट भाषेची. तेव्हाचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदी-मराठी असा दुभाषी प्रांत होता. यवतमाळसकट वऱ्हाडचे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेले, तोवर हेच चित्र होतं. तुकडोजींनी दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लिहिलं. त्यामुळे एकच गायक अमरावतीच्या बाजारात आणि सातपुड्यापलीकडच्या हिंदी गावात सारखाच आपला वाटला. आणि शेवटी सही. ‘तुकड्यादास’ ही मुद्रा भजनाच्या शेवटी आली की गाणं कुणाचं हे सांगायला ना छापील पान लागत होतं ना तबकडीवरचं लेबल.

आता त्यांच्या उदयाचा काळ तारखांनिशी पाहू, कारण एक आक्षेप इथंच घेतला जातो. गांधीजींनी जवळ केलं म्हणून तुकडोजी मोठे झाले, असं पुष्कळ जण समजतात. गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं ते १९३६ मध्ये, आणि सुमारे महिनाभर ते तिथं राहिले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, सालबर्डीला त्यांनी केलेल्या महायज्ञाला लाखोंच्या संख्येने लोक लोटले होते आणि नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या मोझरीला गुरुकुंजाची स्थापनाही झाली होती. म्हणजे सेवाग्रामच्या कुटीत गेला तो आधीच लाखोंना ठाऊक असलेला गायक होता. सेवाग्रामने त्यांच्या गाण्याला वेगळी दिशा दिली, हे खरं. ग्रामसफाई, श्रम, अस्पृश्यतानिवारण, स्वदेशी हे विषय त्यानंतर भजनांत ठळक झाले. मात्र ऐकणारा समाज त्यांनी स्वतः जमवलेला होता. आणि तो जमवला कशाच्या जोरावर? नागपूरला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं १९४८ मध्ये. त्याआधी विदर्भातल्या गायकाला आपलं घरचं असं रेडिओ केंद्रच नव्हतं. अमेरिकेत १९२५ पासून नॅशव्हिलच्या रेडिओवरून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम दर आठवड्याला कंट्रीचे गायक घरोघरी पोचवत होता. आपल्याकडे हे काम सप्ताह, जत्रा, आठवडी बाजार, गावोगावची भजनी मंडळं आणि स्वस्तातल्या भजनपुस्तिकांनी केलं. एका गावच्या मंडळाने भजन उचललं की पोरीच्या सासरी, मामाच्या गावी, ज्वारी-कापसाच्या गाड्यांबरोबर ते पुढे जायचं. त्यांनी पुढे गुरुदेव सेवा मंडळाचं जे जाळं विणलं, त्याचे धागे या भजनी मंडळांतूनच आले होते.

श्रद्धावान वाचकाचा आक्षेप वेगळा असतो. संताला गीतकार म्हणणं म्हणजे त्याला खाली ओढणं नव्हे काय? गाणं हे त्यांचं साधन होतं, साध्य नव्हे, असं सांगितलं जातं. हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यामागे प्रेम आहे. पण मराठी परंपरेत संतपण आणि कवित्व यांची अशी फारकत कधीच नव्हती. नामदेवांना आणि तुकोबांना आपण कवी म्हणतो, तेव्हा त्यांचं संतपण उणं होत नाही. मग खंजिरी घेऊन गाणाऱ्यालाच हा नियम का लावायचा नाही? स्वतः तुकडोजींनीही गाण्याला क्षुल्लक साधन मानलेलं नाही. १९५५ मध्ये सिद्ध झालेल्या ग्रामगीतेच्या एक्केचाळीस अध्यायांत त्यांनी ‘भजन-प्रभाव’ असा एक स्वतंत्र अध्याय ठेवला आहे. ग्रामआरोग्य, श्रम-संपत्ती, महिलोन्नती या विषयांच्या पंगतीला भजन बसवणारा माणूस त्याकडे किती नेमकेपणाने पाहत असेल! त्याच ग्रंथात ‘संत-चमत्कार’ हाही अध्याय आहे, आणि संताची थोरवी चमत्कारांवर मोजण्याला त्यात त्यांचा विरोध आहे. त्यांच्या बालपणाभोवती आपण रचलेल्या चमत्कारकथा मग कुणाच्या आज्ञेने रचल्या? दारिद्र्यातल्या एका पोराने बारा-पंधरा वर्षं कान आणि गळा तयार केला, ही हकीकत त्या कथांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

साहित्याच्या बाजूने येणारा आक्षेप याहून कडक आहे. ही भजनं उपदेश करतात, आणि उपदेश म्हणजे कविता नव्हे, असं समीक्षक म्हणतात. काही भजनांबद्दल हे बरोबर आहे, ते मान्य करून टाकावं. हजारोंनी रचना करणाऱ्याच्या लेखणीतून सगळ्याच ओळी सारख्या तोलाच्या उतरत नाहीत. सफाईवरचं किंवा व्यसनमुक्तीवरचं एखादं भजन आज वाचताना सूचनापत्रासारखं लागतं. पण एक तर ही वाचायची गोष्ट नाही, म्हणायची आहे. शंभर माणसं एका ठेक्यावर जे म्हणतात त्याचं मोजमाप एकट्याने मूक वाचण्याच्या कसोटीवर करणं अन्याय्य आहे. दुसरं, उपदेश आणि कला यांचं वैर वाटतं तितकं जुनं नाही. प्रेमभंगाच्या गाण्यांनी ज्याचं नाव झालं, त्या हँक विल्यम्सने ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या टोपणनावाने नीतिबोधाची पठणगाणी ध्वनिमुद्रित केली, आणि अमेरिकेतले जाणकार ती त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग मानतात. तिसरं उत्तर म्हणजे पाठ्यपुस्तकांतून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक असलेली ‘या झोपडीत माझ्या’ ही कविता. महाल आणि झोपडी समोरासमोर ठेवून ती एकेक घरगुती वस्तू मोजत जाते. पहारा, बिछाना, दिवा, तिजोरी. कुठंही उपदेशाचं वाक्य नाही, आणि तरी ऐकणाऱ्याची मान ताठ होते. गरीब माणसाची कीव न करता त्याचं वैभव मांडणं हे अवघड काम आहे, आणि ते तिथं साधलं आहे.

गाण्याच्या ताकदीचा आणखी एक पुरावा सरकारी दप्तरातून मिळतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातलं चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातलं आष्टी ही गावं इंग्रजी सत्तेविरुद्ध उठली. चिमूरचा परिसर तुकडोजींच्या भजनांनी वर्षानुवर्षं भिजलेला होता. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आलं आणि डिसेंबरमध्ये सुटका झाली. त्यांच्या हाती ना बंदूक होती ना पक्षाचं पद. राज्यकर्त्यांना भीती वाटली ती गावकऱ्यांच्या ओठांवर बसलेल्या ओळींची. स्वातंत्र्यानंतर याच खंजिरीने त्यांना दूर नेलं. १९५५ मध्ये जपानला झालेल्या जागतिक धर्मपरिषदेत त्यांनी भजन गायलं, चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या काळात सीमेवर जाऊन जवानांपुढे गायलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचं निधन झालं.

यवतमाळच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न याहून बोचरा असेल, आणि त्याला बगल देता येणार नाही. या गाण्याने कापूस पिकवणाऱ्याला दिलं काय? १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह मृत्यूला कवटाळलं. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि दर वर्षी त्या दिवशी शेतकरी कार्यकर्ते अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्याचं नाव देशभर कशासाठी घेतलं गेलं हे सर्वांना माहीत आहे. श्रम करा, व्यसन सोडा, गाव स्वच्छ ठेवा, असं सांगणारं गाणं कापसाचा भाव ठरवणाऱ्या बाजाराला हात लावू शकलं नाही. ही मर्यादा खरी आहे. दोष आपल्यातच आहे असं सतत ऐकणाऱ्या शेतकऱ्याला धोरणाचा दोष दिसायला उशीर लागतो, हेही खरं. पण ग्रामगीतेत ‘गरिबी-श्रीमंती’ हा अध्याय आहे, श्रमाचं फळ कुणाच्या पदरात पडतं याची विचारणा आहे. ती विचारणा आपण उत्सवांत कमी गायली आणि स्वच्छतेची भजनं जास्त गायली. याचा जाब रचणाऱ्याला विचारण्याआधी निवड करणाऱ्यांना, म्हणजे आपल्यालाच, विचारला पाहिजे. अमेरिकेतल्या मंदीच्या वर्षांत शेतकऱ्यांची गाणीही बाजार बदलू शकली नाहीत. मात्र माणूस एकटा नाही एवढं ती सांगत राहिली. संध्याकाळी ओट्यावर पंचवीस माणसं एकत्र बसून एका सुरात काही म्हणतात, या गोष्टीची किंमत ज्या गावात ती बंद पडली आहे तिथं विचारावी.

तुकडोजींना मोठं ठरवताना या जिल्ह्याचे बाकीचे सूर पुसले जाऊ नयेत, याचीही काळजी घेतली पाहिजे. केळापूर-झरी जामणीकडचं गोंड आणि कोलामांचं ढेमसा नृत्य, गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर होळीला घुमणारी बंजारा लेंगी, आणि गावोगावच्या बौद्धवस्त्यांतली भीमगीतं ही सगळी याच मातीची गाणी आहेत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक प्रौढपणी अक्षरओळख करून घेऊन गीतकार झाले आणि त्यांचं गाणं विदर्भाच्या वस्त्यावस्त्यांत पोचलं. त्यांचा आणि तुकडोजींचा रस्ता वेगळा आहे. एकाने भजनाची चौकट ठेवली, दुसऱ्याने ती मोडून जलशाची परंपरा पुढे नेली. पण यंत्राविना, छापखान्याच्या फारशा आधाराविना, केवळ शब्द आणि चाल यांच्या जोरावर लाखोंपर्यंत जाण्याचं कसब दोघांचं एकच. हे दोघे शेजारी ठेवून अभ्यासले गेले, तरच महाराष्ट्राच्या खेड्यातल्या गीतकाराचा इतिहास पुरा होईल.

विदर्भातल्या दोन विद्यापीठांना दोन गाणाऱ्यांची नावं आहेत. नागपूरला तुकडोजी महाराजांचं, आणि यवतमाळची महाविद्यालयं ज्याला जोडलेली आहेत त्या अमरावतीला कीर्तनकार गाडगेबाबांचं. दोघांच्याही पाठीशी शाळा नव्हती. तेव्हा या विद्यापीठांच्या संगीत आणि मराठी विभागांनी हाती घ्यावं असं एक काम समोर पडलेलं आहे. भजनसंग्रहांत ‘तर्ज’ म्हणून जी गाणी नोंदली आहेत, त्यांतली कितीतरी आता कुणाला आठवत नाहीत. मूळ चाल विसरली की भजनाचे शब्द उरतात, पण ते बसतात कुठं हे कळत नाही. मग मंडळं ते सोप्या, ओळखीच्या चालीत कोंबतात आणि मूळ ठेका हरवतो. ज्यांनी महाराजांना समोर बसून ऐकलं ते लोक आज सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत. यवतमाळ, अमरावती, वर्धा, चंद्रपूर या चार जिल्ह्यांतल्या जुन्या मंडळांकडून ही भजनं मूळ चालींसह, खंजिरीच्या बोलांसह ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. कोणतं भजन कोणत्या काळात रचलं, त्याची चाल कुठून आली, गावागणिक त्यात काय फरक पडला, याची नोंद करावी. सात खंजिऱ्यांवर एकट्याने कार्यक्रम करणाऱ्या सत्यपाल महाराजांसारख्या पुढच्या पिढीने या वाद्याचं काय केलं, हेही त्यात यावं. ब्रिस्टलला १९२७ मध्ये एका कंपनीने धंद्यासाठी जे केलं, ते आपल्याकडे करायला अजून माणसं हयात आहेत.